कॅरिअरवर काय, ऑफिसात काय

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून रोज सकाळी निघायचे. त्यांच्या चोवीस इंची काळ्या सायकलवरचं सामान मला अजून पाठ आहे. हँडलला कापडी पिशवीत डबा, सीटमागे चामड्याच्या बटव्यात नट कसायचे दोन पाने, दांडीला अडकवलेला पंप, पँटीच्या पायांना स्टीलच्या दोन क्लिपा आणि खिशातल्या काडेपेटीत व्हॉलट्यूबचे चार तुकडे. पावसाळ्यात त्यात एक रेनकोट वाढायचा. पाठीवर काही घेतलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मी स्वतः चाळिशी उलटल्यावर वारज्याहून शिवाजीनगरला सायकलने जायला लागलो. आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता. पहिल्या सोमवारी माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, त्याचा चार्जर, कपड्यांचा जोड, बूट, टॉवेल, पाण्याच्या दोन बाटल्या, डबा, रेनकोट, साखळीचं कुलूप आणि ‘असू दे, लागेल’ या सदरात मोडणाऱ्या बऱ्याच गोष्टी होत्या. संध्याकाळी घरच्या काट्यावर ती सॅक ठेवली, तर साडेनऊ किलो भरली. कर्वे पुतळ्यापर्यंत पोहोचेतो शर्टाची पाठ पिळून काढण्यासारखी झाली होती आणि मान आखडली होती ती वेगळीच. चौथ्या दिवशी मी पुन्हा स्कूटरला किक मारली.

सायकलने ऑफिसला जाणं सुरू करून सोडून देणारे बहुतेक जण अंतरामुळे सोडत नाहीत, सामानामुळे सोडतात, असं माझं मत तेव्हापासून झालं आहे. म्हणून काय न्यायचं याची यादी करण्याआधी एक वाटणी करून टाका: कायम सायकलवरच राहणाऱ्या वस्तू, कायम ऑफिसात राहणाऱ्या वस्तू आणि रोज ये-जा करणाऱ्या वस्तू. तिसरा ढीग जेवढा लहान, तेवढे जास्त दिवस तुमची सायकल चालेल.

आधी ऑफिसचं पाहू, कारण खरी सुटका तिथेच आहे. बूट ऑफिसात ठेवा. रोज बूट वाहून नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. टेबलाखाली कागदी खोक्यात एक जोड राहू शकतो. साबण, कंगवा, पावडर, एक जास्तीचा मोज्यांचा जोड आणि एक इस्त्रीचा शर्ट खणात असू द्या. लॅपटॉपचा दुसरा चार्जर घेणं परवडत असेल तर तोही तिथेच ठेवा. कपड्यांची माझी पद्धत अशी आहे, की ज्या दिवशी काही कारणाने बस किंवा गाडीने जाणं होतं, त्या दिवशी तीन-चार शर्ट नेऊन ठेवायचे आणि मळलेले परत आणायचे. असा दिवस आठवड्यातून एकदा येतोच. शर्ट न्यावाच लागला, तर घडी घालण्याऐवजी गुंडाळी करा. गुंडाळीला कमी चुण्या पडतात.

घामाबद्दल लोक फार घाबरतात. ऑफिसात आंघोळीची सोय नाही म्हणून सायकल नको, असं म्हणणारे अनेक भेटतात. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्या घामावर काम करू लागले, की वास येतो. म्हणून घरून आंघोळ करून निघा, धुतलेला बनियन किंवा टी-शर्ट घाला, आणि शेवटचा किलोमीटर इतका निवांत चालवा, की मागच्या रिक्षावाल्याने कंटाळावं. पोहोचल्यावर लगेच शर्ट बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, घाम थांबू द्या. मग ओल्या कापडाने अंग पुसून कपडे बदला. घाईत बदललेला शर्ट पाच मिनिटांत पुन्हा भिजतो, हे मी तीन शर्टांच्या मोबदल्यात शिकलो. अंग पुसायला जाड टॉवेलऐवजी पंचा न्या. पातळ सुती पंचा पिळला की तासाभरात खिडकीत वाळतो, मुठीत मावतो, आणि उन्हाळ्यात हेल्मेटखाली डोक्याला गुंडाळता येतो. एक पंचा ऑफिसात आणि एक बॅगेत, एवढं पुरतं.

आता जे रोज न्यायचंच, ते कुठे ठेवायचं? पाठीवर नको, एवढं तर झालं. दूधवाल्याच्या सायकलकडे एकदा नीट पाहा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन टांगलेले असतात, चाकाच्या आसाच्या शक्य तितके जवळ. वजन खाली आणि दोन्हीकडे समान, म्हणून तेवढं ओझं घेऊनही तो गल्लीबोळांतून सहज वळतो. सायकलच्या दुकानांत हल्ली पॅनिअर म्हणून ज्या महागड्या पिशव्या मिळतात, त्या म्हणजे याच कॅनचा कापडी अवतार. त्या विकत घ्यायलाच हव्यात असं नाही. जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या चांभाराकडून पट्ट्यांनी जोडून घेतल्या, तरी काम भागतं. पण पिशवी घेण्याआधी आपल्या सायकलला कॅरिअर बसतं का, ते बघा. गिअरच्या बऱ्याच सायकली कॅरिअरशिवाय येतात, आणि काहींना ते कसण्यासाठी मागच्या आसाजवळ आटेही नसतात. फक्त सीटच्या नळीला कसायचं कॅरिअर मिळतं, ते कमी वजन पेलतं. कॅरिअरवर किती किलो चालेल याचा आकडा बहुधा त्यावरच छापलेला असतो, तो वाचा. आणि पिशवी टांगल्यावर पायडल मारून बघा, टाच पिशवीला घासते का. घासत असेल तर पिशवी इंचभर मागे सरकवा.

एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतो. आपल्याकडच्या सायकल ट्रॅकच्या तोंडाशी मोटरसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले असतात. दोन्हीकडे फुगलेल्या पिशव्या घेऊन वेगात त्यातून जायला गेलात, तर तुम्ही पलीकडे आणि पिशवी अलीकडे. हा प्रयोग मी करून पाहिला आहे. कोपर फुटलं.

वरून काही बांधायचं असेल तर हुकाच्या इलॅस्टिक दोरीपेक्षा जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी कधीही चांगली. कोणताही पंक्चरवाला ती फुकट देतो. रबर रबराला धरून राहतं, सुटत नाही, आणि डोळ्यात उडणारा हुकही नसतो. पट्टीचं मोकळं टोक मात्र खोचून टाका. लोंबतं टोक फ्रीव्हीलमध्ये गेलं, तर चाक जागच्या जागी थांबतं. ओढणीचंही तेच. ती खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारा. जुन्या लेडीज सायकलींच्या मागच्या चाकाला जाळी असायची ती उगीच नव्हती, आणि आजही ती बसवून घेता येते. पँटवाल्यांनी उजव्या पायाला रबरबँड किंवा क्लिप लावायची, कारण चेन उजवीकडे असते. वडील दोन्ही पायांना लावत. दुसरी क्लिप कशासाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

लॅपटॉप कॅरिअरवर ठेवायला लोक घाबरतात, आणि त्यात तथ्य आहे. आपले रस्ते पाहता खाली निदान बोटभर जाडीचा फोम हवा. लॅपटॉप पिशवीत उभा ठेवा, आडवा ठेवून त्यावर डबा ठेवू नका. पावसाळ्यात आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग त्याच्या कव्हरमध्ये, मग बॅगेत. जलरोधक म्हणून विकलेल्या पिशवीवरही विश्वास टाकू नका. शिवणीतून पाणी येतंच.

डब्यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण सायकलवरच्या अपघातांत सर्वांत जास्त बळी भाजीचा जातो. मुंबईचे डबेवाले रोज सायकलवरून डबे नेतात, ते उभे, खच्चून बसवलेले, हलायला जागाच नाही असे. आपला डबा मात्र पिशवीत एकटाच गडगडत असतो. त्याला पंचात गुंडाळा आणि उभा, बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवा. कडीचा स्टीलचा डबा घ्या. दाबून बसवायच्या झाकणाचा नको, कारण एका खड्ड्यात ते उघडतं. रस्सा, आमटी, कढी यांना सायकलचे दिवस वर्ज्य. उसळ न्यायची तर अंगाबरोबर रस असलेली. ताक बाटलीत घेतलंत, तर बाटली काठोकाठ भरू नका. गचके बसून ताक घुसळलं जातं आणि टोपण उघडताच फसफसून बाहेर येतं. डबा लॅपटॉपच्या पिशवीत नको, दुसऱ्या बाजूच्या पिशवीत हवा. वजनाचा तोल साधतो आणि मेथीची भाजी कीबोर्डात जात नाही.

हँडलला डबा लटकवायची वडिलांची पद्धत मात्र मी सोडली. जड सायकलच्या मोठ्या चाकाला ती चालत असे. हलक्या सायकलीच्या हँडलला दीड किलो एका बाजूने लटकलं, की वळणावर ती आपल्याला विचारत नाही. शिवाय पिशवी झुलून आऱ्यांत जाण्याची भीती.

आता सायकलवर कायम राहणाऱ्या वस्तू. सीटखाली मूठभर आकाराची पिशवी अडकवा. तिच्यात पहिला मान जास्तीच्या ट्यूबचा. पंक्चर रस्त्यात काढण्यापेक्षा ट्यूब बदलून जाणं सोपं, आणि फाटकी ट्यूब संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे द्यावी. ट्यूब घेताना टायरच्या कडेवर लिहिलेला आकार पाहून घ्या. सव्वीसच्या टायरमध्ये सत्तावीसची ट्यूब कोंबता येते असं सांगणारा दुकानदार भेटेल, त्याचं ऐकू नका. टायर उतरवायला प्लॅस्टिकचे दोन लिव्हर लागतात. स्क्रूड्रायव्हरने टायर उचकटलात, तर नवी ट्यूबही तिथेच फुटेल. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून पंचा फिरवा. बाभळीचा काटा किंवा काचेचा कण अजून आतच बसलेला असतो, तो कापडाला अडकतो. हे न करता ट्यूब बदलणाऱ्याला शंभर पावलांवर पुन्हा उतरावं लागतं. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन बारीक छिद्रं दिसली, सापाने डसल्यासारखी, तर काटा शोधण्यात वेळ घालवू नका. हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्याच्या कडेवर रिमखाली चेंगरली. हवेचा दाब किती हवा ते टायरवर छापलेलं असतं. आठवड्यातून एकदा घरी भरा आणि बरीच पंक्चरं टाळा.

हवा भरण्याचं एक त्रांगडं आहे. आपल्याकडे तीन तऱ्हेचे व्हॉल्व्ह चालतात. जुन्या काळ्या सायकलचा, ज्यात रबराची ती बारीक व्हॉलट्यूब असते. दुसरा मोटरसायकलसारखा जाड. आणि तिसरा लांब, निमुळता, टोकाला बारीक पितळी आटा असलेला, जो महाग सायकलींना येतो. या तिसऱ्याला पेट्रोल पंपावरची किंवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. नाक्यावर हवेचा कॉम्प्रेसर घरघरतोय आणि तुम्ही चपटं टायर घेऊन उभे. यावर उपाय बोटाच्या पेराएवढ्या पितळी ॲडाप्टरचा. किंमत किरकोळ. एक पिशवीत आणि एक किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा. व्हॉलट्यूबवाल्यांनी वडिलांसारखी काडेपेटी बाळगावी. छोटा हातपंप दांडीला बसवलात तर उत्तमच, पण त्याने पूर्ण दाब येईपर्यंत दंड भरून येतात. ऑफिसात पोहोचण्यापुरती हवा भरली, तरी त्याचं काम झालं.

पान्यांमध्ये चार, पाच आणि सहा मिलिमीटरची ॲलन की असलेला एकच जुडगा बऱ्याच सायकलींना पुरतो. चाकं नटांनी कसलेली असतील, तर पंधरा नंबरचा पाना हवा. तो नसेल, तर जास्तीची ट्यूब नुसती शोभेची. घेण्याआधी आपला नट एकदा मोजून बघा. रबराचे हातमोजे दोन. पडलेली चेन चढवून काळ्या हातांनी मीटिंगला जाणं टळतं.

दिव्यांबद्दल वडिलांची पिढी कडक होती, कारण विनादिव्याची सायकल पोलिसाने पकडली, की हवा सोडली जात असे. आता हवा कोणी सोडत नाही, त्यामुळे दिवाही कोणी लावत नाही. डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझायचा, म्हणजे सिग्नलला नेमके तुम्ही अंधारात. आता चार्जिंगचे एलईडी दिवे मिळतात. पुढे पांढरा, मागे लाल. मागचे दोन ठेवा, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, कारण चार्जिंग संपलेलं मागचा दिवा तुम्हाला सांगत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही: सीटच्या नळीला लावलेला दिवा कॅरिअरवरच्या सामानामागे किंवा रेनकोटच्या झोळाखाली झाकला जातो. सगळं सामान चढवून, रेनकोट घालून, घरच्या कुणाला तरी दहा पावलं मागे उभं करा आणि दिवा दिसतो का ते विचारा. माझा दिसत नव्हता. एक अख्खा पावसाळा मी स्वतःच्या पार्श्वभागाला उजेड दाखवत फिरलो. आता तो कॅरिअरच्या शेपटाला आहे.

हेल्मेट कायद्याने सायकलला सक्तीचं नाही. तरी घाला, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसेल असं, मागे कलंडलेलं नको. एकदा जोरात आपटलं की बदला, वरून धड दिसलं तरी.

कुलपं दोन वेगळ्या जातींची असावीत. मागच्या चाकाला कसलेलं आणि एक जाड साखळीचं. साखळी फ्रेममधून आणि पुढच्या चाकातून काढून न हलणाऱ्या वस्तूला बांधा. एका खटक्यात निघणारं पुढचं चाक असेल, तर नुसत्या फ्रेमला कुलूप लावणं म्हणजे चाक दान देणं. रोज एकाच जागी सायकल लावत असाल, तर जड साखळी तिथेच खांबाला अडकवून ठेवा. किलोभर वजन तिथेच राहिलं.

जून लागला, की यादी बदलते. अंगावरून सोडायचा ऐसपैस पोंचो सायकलवर नको. वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि चेनमध्ये जातो. पँट-जॅकेट असा सुटा रेनकोट घ्या. आत घाम येणारच, कितीही महाग घेतला तरी. दहा मिनिटांचा रस्ता आणि बारीक सरी असतील, तर मी रेनकोट घालतच नाही, भिजतो आणि ऑफिसात बदलतो. दोन्ही चाकांना मडगार्ड हवेतच, मागच्या चाकाचं पाणी पाठीवर चिखलाची रेघ ओढतं. पायात रबरी सँडल घाला. बूट भिजलेच, तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि दुपारी एकदा बोळे बदला. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं आणि मग धरतं, म्हणून ब्रेक एरवीपेक्षा बराच आधी दाबायला लागा. झेब्रा पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि कामांच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर ना ब्रेक, ना वळण. डबक्यातून जाऊ नका. तळ किती खोल ते डबकं सांगत नाही. पावसात पंक्चरंही वाढतात. काचा आणि खडी पाण्याबरोबर रस्त्याच्या कडेला येऊन साठते, आणि आपण नेमके कडेने जातो. ओलं रबर काचेला सहज शरणही जातं. जास्तीची ट्यूब एरवी विसरलात तरी चालेल, जून ते सप्टेंबर नाही.

एप्रिल-मेमध्ये लिटरभर पाणी, चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं. बाटली दांडीच्या पिंजऱ्यात हवी, पिशवीच्या तळाशी असलेलं पाणी कोणी पीत नाही.

उरलं खिशातलं. शंभर-दोनशे रुपये रोख, कारण भिजलेल्या मोबाईलवरून पंक्चरवाल्याला पैसे पाठवता येत नाहीत. ओळखपत्रामागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, सेलोटेप लावून. मोबाईल कुलूपबंद असतो, मदतीला आलेल्याला तो उघडत नाही. ११२ हा नंबर मात्र कुलूप न उघडताही लावता येतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दोन चिकटपट्ट्या आणि थोडं मलम. ते मुख्यतः कोपरासाठी, वर सांगितलेल्या खांबांमुळे.

परतीच्या वाटेवर पिशव्या हलक्या असतात आणि रस्त्यात भाजीवाला असतोच. तिथे एक क्रम लक्षात ठेवा. कांदे-बटाटे तळाशी, दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे. पालेभाजीची जुडी कॅरिअरवर, देठं मागच्या बाजूला, ट्यूबच्या पट्टीने सैल बांधलेली, दिवा झाकला जाणार नाही अशी. आणि टोमॅटो घ्यायचेच असतील, तर सकाळचा डबा एव्हाना रिकामा झालेला असतो. त्यात चार मावतात.